सुलाबाईचं मत

सुलाबाई निकम जन्मली तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि ती बेचाळीस. जन्मतःच तिला देवळ्याला दोन एकर कांदा होता, एक म्हैस होती, गुडघेदुखी होती आणि इंटरनेटची डिग्री होती. बाळंतपण इंदिरानगरला माझ्या ओट्यावर झालं, चहाचा दुसरा कप संपायच्या आत. साक्षीला दोघं होती, तेजस्विनी आणि ज्ञानेश.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं किती खरं धरायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं तपासनीस होतो. तयार झालेला भाग माझ्या टेबलावर यायचा, मी बघायचो, मोजायचो आणि कागदावर माझा शिक्का मारायचो. शिक्क्यावर नंबर होता, चौऱ्याहत्तर. तो शिक्का सख्ख्या भावालाही द्यायचा नाही आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मारायचा नाही, एवढे दोनच नियम. उरलेल्या वेळात मी गप्पा मारायचो. एकदा मी नुसत्या वासावरून सांगितलं होतं की हा रंग मंगळवारचा नाही, सोमवारचा आहे. साहेबांनी रजिस्टर काढलं. सोमवारचाच निघाला. माझ्या गोष्टी लोक अर्ध्या करून घेतात हे मला माहीत आहे, म्हणून मी त्या दुपटीने सांगतो.

तर ही दोन पोरं. तेजस्विनी आमच्याच गल्लीतली, ज्ञानेश नाशिकरोडचा. इंजिनिअरिंगला एका वर्गात होती. पास झाल्यावर माझ्या घरावरची खोली त्यांनी घेतली आणि दिवसभर वर बसून टकटक करू लागली. मला धनाकाका म्हणायची. एक दिवस मी वर गेलो.

"काय करता रे इथे? काही तयार झालेलं तर दिसत नाही कधी."

ज्ञानेश म्हणाला, "काका, लग्नाला मांडववाला कसा खांब, कनाती, पडदे घेऊन येतो? नवरा-नवरी तुमची, जेवण तुमचं, मांडव त्याचा. तसं वेबसाइट बांधणाऱ्यांसाठी आम्ही सगळं सामान तयार करून ठेवतो. नावच ठेवलंय मांडव."

"भाडं किती?"

"भाडं नाही. कुणीही न्यावा, हवा तसा कापावा, शिवावा."

"मग तुमची लग्नं कशी व्हायची रे?"

तेजस्विनी हसली, पण तिचं लक्ष स्क्रीनवर होतं. मांडवातली एक गोष्ट तिची स्वतःची होती, तिला ती गाठोडं म्हणायची. रेंज गेली तरी पान बंद पडत नाही, लागेल ते सगळं त्याने आधीच सोबत बांधून घेतलेलं असतं. देवळ्याला कांद्याचे भाव दाखवणारा फलक मांडवावर चालायचा. पेठकडची माणसं भात झाल्यावर द्राक्षाच्या कामाला उतरतात, ती डोंगरात रेंज नसताना त्यावर गाडीच्या वेळा बघायची. हे सगळं त्या गाठोड्यामुळे. ते तिने नऊ महिने खपून केलं होतं आणि त्यावर कुणी बोट ठेवलं की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा.

सुलाबाईची गरज पडली ती अशी. भरवशाच्या प्रकल्पांची जगात एक यादी असते, त्यात नाव आलं की मोठी माणसं तुमचं सामान वापरतात. यादीत यायला पंचमंडळ हवं, तीन जणांचं. दोन मतं पडली की निर्णय.

"तिसरा कुठून आणायचा?" तेजस्विनी ओट्यावर बसून म्हणाली. "फुकट कोण राबणार?"

"देवळ्याची सुलाबाई आहे की," मी म्हटलं.

"कोण सुलाबाई?"

झालं. मला कुणी 'कोण' विचारलं की माझं तोंड आपोआप चालू होतं. दोन एकर कांदा सांगितला, म्हैस सांगितली, म्हशीने एकदा राउटर चाटला तेही सांगितलं. बाई लाजाळू, फोटो काढून देत नाही. उत्तराला उशीर झाला तर समजायचं की कांदाचाळीवर चढल्याशिवाय तिला रेंज येत नाही आणि गुडघ्यामुळे तिला चढवत नाही. पोरं हसून हसून आडवी झाली. मग ज्ञानेश उठून बसला आणि म्हणाला, "काका, हे पुन्हा सांगा. सावकाश. मी लिहून घेतो."

असा पंचमंडळाचा कागद भरला गेला. दोघांनी खाली आपापलं नाव लिहिलं. सुलाबाईचं खातं उघडलं, पण त्याचा पासवर्ड कुणाकडे ठेवायचा? ज्याच्याकडे ठेवावा त्याची दोन मतं होणार. दोघं एकमेकांकडे बघत बसली आणि मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी पासवर्ड माझ्या डायरीत लिहिला.

पहिलं वर्ष सुलाबाई फक्त मत द्यायची. दोघांचं एकमत असेल तर हो म्हणायची, नसेल तर मी दोघांना खाली बोलावून चहा द्यायचो आणि एकमत झाल्यावरच हो म्हणायची. पुढे कुणीतरी परदेशातून सरळ तिलाच तक्रार लिहिली, की माझं पान उघडत नाही. आता बाईमाणसाने उत्तर न देणं बरं दिसत नाही. मला मांडवातलं काही कळत नव्हतं, पण तक्रार तपासायची कशी हे कळत होतं. कारखान्यातल्या इंग्रजीत मी तीन प्रश्न लिहिले. काय केलंत? काय दिसलं? काय दिसायला हवं होतं? त्याने उत्तर लिहितालिहिता स्वतःचीच चूक शोधली आणि सुलाबाईचे आभार मानले.

मग मला नादच लागला. सकाळी जॉगिंग ट्रॅकवरून आलो की अकरापर्यंत मी सुलाबाई. चार वर्षांत तिने चार हजारांवर लोकांना उत्तरं दिली. पोलंडमधल्या एकाने आपल्या मांजरीचं नाव सुला ठेवलं. हे मात्र अर्धं करून घेऊ नका, माझ्याकडे फोटो आहे.

पाचव्या वर्षी मेघडंबर आली. ही कंपनी दुसऱ्यांच्या वेबसाइट आपल्या मशिनींवर ठेवून घेते. तिचं निम्मं गिऱ्हाईक मांडव वापरणारं, तेव्हा तिने मांडवाला हात द्यायचं ठरवलं. दोघांना पगार, गंगापूर रोडला काचेचं ऑफिस आणि ज्ञानेश प्रमुख. बदल्यात नियमांत एक ओळ घालायची होती: कधी मतं सारखी पडली तर प्रमुखाचं मत चालेल.

"पगार घेऊ, ऑफिस घेऊ, ती ओळ नको," तेजस्विनी म्हणाली.

"तिघं आहोत ना आपण? मतं सारखी पडतीलच कशी?" ज्ञानेश म्हणाला.

"तिघं!" तेजस्विनी म्हणाली आणि दोघांनी तो विषय तिथेच सोडला.

त्या आठवड्यात तेजस्विनीच्या वडिलांच्या छातीत दुखलं. ती आठ दिवस दवाखान्यात. ज्ञानेश माझ्याकडे आला. "काका, उद्या कंपनीची शेवटची तारीख आहे. तेजूला एकदा विचारून घ्या आणि मग सुलाबाईचं मत द्या. ती नाही म्हणाली तर नाही." इतकं स्वच्छ बोलला तो.

मी विचारलं नाही. मला वाटलं, बाप आजारी आहे, कुठे पोरीला त्रास द्या. मला वाटलं, पगार चालून आलाय, एका ओळीने काय होतंय. खरं सांगायचं तर ती ओळ मी नीट वाचलीही नव्हती. डायरी उघडली, पासवर्ड घातला आणि हो वर बोट ठेवलं. चौतीस वर्षांत जे केलं नाही ते त्या दिवशी केलं. न बघता शिक्का मारला.

तेजस्विनी दवाखान्यातून परत आली ती सरळ माझ्या ओट्यावर. "काका, हे मत कुणी दिलं?"

तिचा चेहरा बघून माझी जीभ घसरली. आयुष्यभर घसरतच आली आहे, पण या वेळी ती भलत्या अंगावर पडली. मी म्हटलं, "मला काय ठाऊक? ज्ञानेश आला होता खरा परवा. माझी डायरी टेबलावरच होती."

माझ्या सगळ्या थापा ती पोरगी हसून सोडून द्यायची. नेमकी हीच तिने खरी धरली.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश आला. "काका, तुम्ही तिला असं का सांगितलंत?"

"मी कुठे काय सांगितलं? डायरी टेबलावर होती एवढंच म्हणालो."

त्याने चप्पल घातली आणि तो गेला. पुन्हा ओट्यावर आला नाही. तो काचेच्या ऑफिसात, तेजस्विनी माझ्या वरच्या खोलीत, दोघांचं बोलणं फक्त लेखी. वाटायचं, सांगू उद्या. तो उद्या दोन वर्षं चालला.

आणि मग एका सोमवारी तेजस्विनी जिना उतरून आली. हातातला मोबाइल माझ्यापुढे धरला. "वाचा."

मेघडंबरने ठराव मांडला होता. मांडवाच्या पुढच्या आवृत्तीत गाठोडं नसेल. ज्याला हवं त्याने आपली वेबसाइट मेघडंबरच्या मशिनींवर आणावी, तिथे ते मिळेल. नवी आवृत्ती बाहेर काढायची किल्लीही यापुढे कंपनीकडे. मतदान गुरुवारी दुपारी चारला, काचेच्या ऑफिसात, सगळ्या जगाला दिसेल असं.

"म्हणजे देवळ्याचा फलक?"

"बंद पडेल. पेठच्या गाड्यांच्या वेळाही. त्यांनी का म्हणून त्या मशिनी घ्याव्यात?" तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "ज्ञानेशचं मत हो. माझं नाही."

"मग सुलाबाईचं नाही. झालं की."

"पूर्ण वाचा, काका."

खाली कंपनीच्या मोहिनी मॅडमची ओळ होती. या वेळी प्रत्येक पंचाने कॅमेऱ्यासमोर बसून तोंडाने मत द्यायचं. समोर न आलेल्याचं मत धरलं जाणार नाही.

सुलाबाई आली नाही, तर एक हो, एक नाही. मतं सारखी. सारखी पडली तर प्रमुखाचं चालेल. मी मारलेला शिक्का दोन वर्षं फिरून माझ्याच टेबलावर आला होता.

मला बसवेना. पंखा लावला, बंद केला. ट्रॅकवर चार फेऱ्या मारल्या, पाचवीला उलटा फिरलो, लोक धडकायला लागले. शेवटी ज्ञानेशला फोन केला.

"तू सांगितलंयस का रे त्यांना, सुलाबाईचं?"

"कसं सांगणार? त्या कागदावर माझंही नाव आहे."

"मग हे कॅमेऱ्याचं?"

"मोहिनी मॅडमचं डोकं. मी काही केलेलं नाही काका. मी फक्त गप्प बसलो." मग म्हणाला, "तुमच्याकडूनच शिकलो."

फोन ठेवला आणि मी पुन्हा चालायला लागलो, घरातल्या घरात. चालताचालता सुचलं. कॅमेऱ्याला बाई हवी आहे ना? मग बाई आणू. सुलाबाई कशी दिसते हे जगात कुणाला माहीत आहे? वय तर आम्ही कागदावर लिहिलंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी देवळ्याच्या बसमध्ये होतो. माझी मोठी बहीण अक्काबाई तिथे दिलेली, वय पंचाहत्तर. ती व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडते. गोल्टी वेगळी, मोठा वेगळा, सडका बाहेर. हात असा चालतो की कांद्यालाच घाम फुटावा. मी तिच्याशेजारी पोत्यावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो.

"अंगात मुंग्या शिरल्या का तुन्या?" तिने कांद्यावरची नजर न काढता विचारलं.

मी सांगितलं. गुरुवारी नाशिकला चल, खुर्चीत बस, कुणी विचारलं तर म्हण मी सुलाबाई, माझं मत नाही. भाडं माझं, शेवभाजी माझी.

"मी येसू," ती म्हणाली. "पण माले आधी समजाव. न समजता मी कांदाबी आत टाकत नही."

मग मी तिला सगळं समजावत बसलो. मांडव, गाठोडं, मेघडंबर, प्रमुख. फलकाचं लगेच कळलं, खळ्यातल्या बायका रोज सकाळी तोच बघतात. तिने एक सडका कांदा उचलून बाजूला टाकला.

"आनि ती वळ? परमुखनं मत चालेल, ती? ती कोनी घातली?"

"सुलाबाईच्या मताने आली ती."

"म्हंजे तुन्या."

"हो."

"वाचीसन दिलं मत?"

मी पोत्याचा धागा ओढायला लागलो. ती हात थांबवून पहिल्यांदाच माझ्याकडे बघायला लागली.

"त्या पोरीले सांगितलं?"

"सांगेन."

"धना," ती म्हणाली, "तू लहानपनीबी असाच. दूध मांजरनं पिलं म्हनायचा, आनि मिशी तुले असायची." आणि पुन्हा कांद्याकडे वळली.

बुधवार कसा गेला ते विचारू नका. मी घड्याळ दोनदा दुरुस्त केलं, ते बिघडलेलं नव्हतं. जिन्याशी चार वेळा गेलो, चारही वेळा तिसऱ्या पायरीवरून परत आलो. वरून तेजस्विनीचा आवाज यायचा, "काका, काही हवंय का?" मी म्हणायचो, "पाणी आलंय का बघतोय."

गुरुवारी अक्काबाई दहाच्या बसने आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पिशवी. तेजस्विनीला मी सगळा बेत सांगितला तेव्हा ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"काका, हे चुकीचं आहे."

"मग दुसरं काय आहे तुझ्याकडे?"

तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. रिक्षात ती दोन बोटांनी ओढणीचं टोक गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. गंगापूर रोडला उतरताना हळूच म्हणाली, "गाठोडं गेलं ना काका, तर मी हे सगळंच सोडणार आहे."

काचेचं ऑफिस थंडगार. लांब टेबल, समोर मोठा पडदा, त्यावर कुठल्याकुठल्या देशांतली माणसं भराभर लिहीत होती. मोहिनी मॅडम चाळिशीच्या, हसतमुख, कोपऱ्यात शाल-श्रीफळ मांडून ठेवलेलं. अक्काबाईला बघून त्या उठून उभ्या राहिल्या, वाकून नमस्कारच केला.

"सुलाबाई! अहो, किती वर्षं तुमची उत्तरं वाचतेय. माझी आधीची नोकरी तुमच्या एका उत्तराने वाचली होती."

पडद्यावर हृदयं उडायला लागली. पोलंडवाल्याने मांजर कॅमेऱ्यापुढे धरलं. ज्ञानेश टेबलाच्या टोकाला बसला होता, त्याने एकदा अक्काबाईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला.

तेजस्विनीने मत दिलं, नाही. ज्ञानेशने दिलं, हो. मग मोहिनी मॅडमनी माइक अक्काबाईपुढे सरकवला. "आपलं नाव सांगून मत द्यायचं, बाई."

अक्काबाईने पदर सारखा केला.

"मी अक्काबाई शे," ती म्हणाली. "कांदा निवडस. सुलाबाई हाऊ." आणि माझ्याकडे बोट केलं.

पडद्यावरचं लिहिणं थांबलं. मोहिनी मॅडम हसल्या, मग थांबल्या. "म्हणजे?"

"म्हणजे सुलाबाई नाहीच," मी उठून म्हणालो. "मी रचलेली आहे. सात वर्षं तिचं मत मी देतो, उत्तरं मी लिहितो. म्हैसही नाही."

"आजोबा, चेष्टा नका करू, जग बघतंय."

आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत सरळ खरं बोलत होतो आणि कुणी घेईना. पडद्यावर लोक भांडायला लागले. एकाने लिहिलं, मी सुलाबाईंशी फोनवर बोललोय. दुसऱ्याने लिहिलं, हा म्हातारा कंपनीचा माणूस दिसतो. तिसऱ्याने म्हशीची आठवण काढली.

मी खिशातून डायरी काढली. टेबलावरच्या संगणकावर पासवर्ड घातला आणि सगळ्या जगासमोर सुलाबाईच्या खात्यातून लिहिलं: काय केलंत? काय दिसलं? काय दिसायला हवं होतं?

पोलंडवाल्याने मांजर हळूच खाली ठेवलं.

तिथेच थांबलो असतो तर निम्म्यात सुटलो असतो. पण अक्काबाई माझ्याकडे बघत होती, खळ्यात बघितलं तशीच. मी तेजस्विनीकडे वळलो. दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"तेजू, ती ओळ आली ते मत ज्ञानेशने दिलं नव्हतं. मी दिलं. तो म्हणाला होता, तिला विचारा आणि मग द्या. मी विचारलं नाही, वाचलंही नाही. आणि तू विचारलंस तेव्हा डायरी पुढे केली. या पोराने माझ्या डायरीला हातसुद्धा लावला नव्हता."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती ज्ञानेशकडे बघत होती.

"दोन वर्षं?" ती म्हणाली. ते कुणाला होतं कळलं नाही.

"मी सांगितलं होतं तुला," ज्ञानेश म्हणाला. "तीन वेळा सांगितलं होतं."

मोहिनी मॅडमनी घसा साफ केला. त्यांचं हसणं पुसलं गेलं होतं, पण डोकं ठिकाणावर होतं. "हे फार गंभीर आहे, त्याचं नंतर बघू. तूर्त तिसरा पंच नाही, मतं एकास एक. नियमाप्रमाणे प्रमुखांचं मत चालेल. ज्ञानेश, ठराव मंजूर म्हण."

ज्ञानेश खुर्चीत मागेपुढे झाला. समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच ठेवला.

"कुठल्या नियमाप्रमाणे, मॅडम?"

"तुझ्याच."

"तो नियम सुलाबाईच्या मताने आला. तेजूचं तेव्हा नाही होतं, माझं हो होतं, तिसरं हे काका. न वाचता, न विचारता. म्हणजे ती ओळ आलीच नाही. ओळ नाही, तर प्रमुखाचं मत चालत नाही."

"ज्ञानेश, नीट विचार कर. तू आमच्याकडे नोकरीला आहेस."

"आहे ना. म्हणून माझं मत हो आहे, ते मी बदलत नाही. गाठोडं सांभाळायला माणसं लागतात आणि ती माणसं कंपनीकडे आहेत, असं मला खरंच वाटतं." तो तेजस्विनीकडे न बघता म्हणाला. "पण एक हो आणि एक नाही म्हणजे सारखी. ठराव पडला."

अक्काबाईने माझ्या बाहीला धरून विचारलं, "फलक राहिना ना?"

"राहिला," मी म्हटलं.

"मंग चाल. शेवभाजी सांगेल होतीस."

शाल-श्रीफळ कोपऱ्यातच राहिलं.

पुढचं थोडक्यात. मेघडंबरने महिन्याभरात मांडवाची एक प्रत उचलली. कुणीही उचलावी हाच नियम, त्याला कोण काय म्हणणार. तिचं नाव ठेवलं शामियाना, गंगापूर रोडचं ऑफिस पुण्याला हलवलं आणि ज्ञानेश त्यांच्याबरोबर गेला. मांडवाचा पगार बंद झाला. तेजस्विनी आता सकाळी दुसऱ्यांची कामं करते, दुपारनंतर मांडवाचं. तिसरा पंच लोकांनी मत देऊन निवडला, पेठकडचा गोरक्ष म्हणून मास्तर आहे. कॅमेऱ्यासमोर आला, आधार कार्ड दाखवलं, वर आपलं घर आणि शाळासुद्धा दाखवली. म्हैस दिसली तेव्हा सगळे टाळ्या वाजवायला लागले, त्याला कळेना का.

माझ्याशी तेजस्विनी तेवीस दिवस बोलली नाही. जिना चढायची, उतरायची, ओट्याकडे बघायची नाही. मी ओट्यावर बसायचो, उठायचो. सकाळचे अकरा वाजेपर्यंत हाताला काम नसायचं, बोटं नुसती मांडीवर वाजायची. पुण्याहून ज्ञानेशचा फोन मात्र तिला यायला लागला होता. वरून भांडणाचा आवाज यायचा, गाठोड्यावरून. दोन वर्षांत पहिल्यांदा तोंडी भांडत होती. मी खाली कान देऊन बसायचो.

चोविसाव्या दिवशी ती खाली आली. लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला.

"लोक विचारतायत उत्तरं कोण देणार. तक्रारी साचल्यात. नवं खातं उघडलंय, तुमच्या नावाने. इथे स्वतःबद्दल लिहा, दोन ओळी. आणि काका, खरं."

मी बसलो. दोन एकर कांदा बोटांच्या टोकाशी आला होता, मागे सारला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. चहा निवला. शेवटी एवढंच उरलं: धनराज, इंदिरानगर, नाशिक. चौतीस वर्षं एकदाही न बघता शिक्का मारला नाही. त्यानंतर एकदा मारला.

तेजस्विनीने वाकून वाचलं आणि वर निघाली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गेल्यावर मात्र थांबली.

"आणि पासवर्ड," ती म्हणाली, "डायरीत लिहू नका."